वासावरून ओळखणाऱ्या बायका

(खडकवासला येथे भरलेल्या दोन दिवसांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण. शब्दांकन करताना बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'दारूचा प्रश्न व स्त्री-संघटना' असा विषय छापला आहे. या विषयावर आपल्यापैकी कुणालाही झोपेतून उठवलं तरी ती तासभर बोलेल. आपण मोर्चे काढलेत, गुत्ते फोडलेत, पोलीस चौकीच्या बाकावर रात्री काढल्यात. म्हणून आयोजकांना विचारून मी विषय थोडा वळवून घेतला. मी आज बिअर चाखणाऱ्या बायकांच्या एका गटाबद्दल बोलणार आहे. त्या गटात मी स्वतः आहे.

मागे कुजबुज झाली ती मला ऐकू आली. ती होणार हे धरूनच मी उभी राहिले. तीन वर्षांपूर्वी मी तिथे मागे बसले असते, तर मीही केली असती.

इथून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर, धरणाच्या पाण्याच्या कडेला, माझ्या कॉलेजमधल्या एका मैत्रिणीचं छोटं घर आहे. महिन्यातून एका रविवारी आम्ही सात-आठजणी तिथे जमतो. एक डॉक्टर, दोघी कॉम्प्युटर कंपनीत, एक बँकेत, एक शाळेत शिकवणारी, एक नुकतीच निवृत्त झालेली आणि मी. मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी डबा घेऊन, म्हणजे थालीपीठ घेऊन गेले. मला वाटलं गप्पा आहेत. टेबलावर पाच-पाच छोटे ग्लास मांडलेले, मध्ये पाण्याचा तांब्या, चण्याची वाटी, भाकरीचे तुकडे आणि प्रत्येकीसमोर वही. मी म्हटलं, परीक्षा आहे का? एका अर्थी होतीच.

रीत अशी. फिक्या रंगाच्या बिअरपासून सुरुवात करायची आणि काळ्यापर्यंत जायचं. एका वेळी शंभर मिलिलिटरच. आधी उजेडात धरून रंग बघायचा, फेस किती टिकतो ते बघायचं, मग नाक घालून वास घ्यायचा, मग घोट. गिळल्यावर काही क्षण गप्प बसायचं, कारण मागाहून जी चव येते ती वेगळी असते. मग वहीत लिहायचं. मध्ये भाकरीचा तुकडा आणि पाणी. सगळ्यांचं लिहून झाल्यावर एकेकीने वाचायचं आणि मग भांडायचं. 'ही पुन्हा घ्यावी का, कुणाला सुचवावी' इथपर्यंत चर्चा जाते.

पहिल्या दिवशी सगळ्या जणी इंग्रजीत लिहीत होत्या. मला ते शब्द येत नव्हते. मी लिहिलं : पहिली सपक, दुसरी आंबूस, तिसरी तुरट आणि शेवटाला कारल्यासारखी, चौथी खमंग, पाचवी खरपूस पण करपायच्या जरा अलीकडची. वाचून दाखवलं तर त्या हसल्या, आणि मग थांबल्या. कारण 'खमंग' आणि 'खरपूस' यांत जो फरक आहे तो त्यांच्या इंग्रजीत सापडेना. तेव्हापासून गटात मराठीत लिहायचा प्रघात पडला. मिळमिळीत, उग्र, कडवट, खवट, कुबट, अळणी. हे शब्द आपल्या आयांनी आणि आज्यांनी चुलीपाशी घडवलेत. चाखणं हे मुळात बाईचं काम. आमटी चाखून बघते ती बाईच. पण हेच क्रियापद बारमध्ये गेलं की त्याचा 'चखणा' होतो आणि तो पुरुषाच्या ताटलीत जाऊन बसतो. बाईच्या वाट्याला काय येतं? देशीच्या दुकानाबाहेर उकडलेली अंडी आणि चणे विकायला बसणं.

ज्यांना क्राफ्ट बिअर हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते. मोठ्या कारखान्यात एकाच चवीची लाखो लिटर बिअर बनते. त्याऐवजी छोट्या जागेत, थोड्या प्रमाणात, वेगवेगळ्या चवींची बनवायची, ती ही. पुण्यात २००९ साली 'डूलाली' सुरू झाली, ती देशातल्या अशा पहिल्या काही जागांपैकी एक. नंतर मुंढवा, कोरेगाव पार्क या बाजूला आणखी झाल्या. आता आंबा घातलेली, कोकम घातलेली, संत्र्याची साल आणि धणे घातलेली अशी मिळते. एक ग्लास तीनशे-चारशे रुपयांना. हो, बरोबर ऐकलंत. रोजंदारीवरच्या बाईच्या जवळजवळ दिवसाच्या मजुरीइतका.

आणि बनते कशी? सातू भिजत घालायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे. आपण बाळासाठी नाचणीचं सत्त्व करतो तेव्हा इथपर्यंत नेमकं हेच करतो. पुढे फक्त वाट बदलते. दळून वस्त्रगाळ करण्याऐवजी ते भरडून गरम पाण्यात मुरवून त्यातला गोडवा काढून घेतात, हॉप नावाच्या वेलीची कडू फुलं घालून उकळतात, निववून यीस्ट घालतात आणि आंबायला ठेवतात. ज्या बाईला इडलीचं पीठ थंडीत का फुगत नाही हे कळतं, तिला यातलं अर्धं शास्त्र आधीच कळलेलं असतं.

जगात बऱ्याच ठिकाणी हे काम होतंही बाईचंच. चार हजार वर्षांपूर्वीच्या सुमेर संस्कृतीत बिअरची देवता बाई, तिचं नाव निनकासी. इंग्लंडमध्ये तेराशेच्या सुमारास ही पेयं मुख्यतः बायका घरी करत आणि उरलेली शेजारी विकत. ज्युडिथ बेनेट या इतिहासकार बाईंनी १९९६ साली यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांची मांडणी साध्या शब्दांत अशी : हॉपमुळे बिअर टिकायला लागली, टिकते म्हटल्यावर मोठ्या प्रमाणात करता येऊ लागली, मोठं करायचं म्हटल्यावर भांडवल आणि संघटना लागली, आणि ती पुरुषांकडे होती. सोळाशेपर्यंत धंदा पुरुषांचा झाला. शिलाई, सुईणपण, खानावळ, आपल्याकडेही हीच गोष्ट वेगवेगळ्या नावांनी घडली आहे.

आपल्या देशातलं उदाहरण तर हाताशी आहे. बायोकॉनच्या किरण मजुमदार-शॉ. वडील बिअर कंपनीत मुख्य ब्रूमास्टर. मुलीने ऑस्ट्रेलियात जाऊन हेच शिक्षण घेतलं, १९७५ साली पदवी घेतली, त्या वर्गात ती एकटी मुलगी. परत आल्यावर नोकरी मिळेना. हे पुरुषाचं काम, कारखान्यातले कामगार बाईचं ऐकणार नाहीत, असं सांगण्यात आलं. मग १९७८ साली बंगळुरात त्यांनी स्वतःची कंपनी काढली. आंबवण्याचं तेच ज्ञान औषधांकडे वळलं. त्यांचं भलं झालं, पण ती नोकरी त्यांना नाकारली गेली हे खरंच राहतं. आणि दिल्लीत, जिथे दारू दिली जाते तिथे बाईने नोकरी करू नये हा १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातला नियम सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली रद्द केला. तोवर तो होता.

तर असं सगळं मी वाचत गेले, वही भरत गेले. मजा येत होती, हे कबूल करते. नवरा, मूल, संस्था, अहवाल, यांच्यापलीकडे महिन्यातून एक दुपार अशी होती की मला काय आवडतं एवढंच कुणीतरी विचारत होतं.

मग ती दुपार आली.

त्या घराची देखभाल करायला जवळच्या गावातल्या एक मावशी येतात. पन्नाशीच्या असतील. आमचं झालं की ग्लास धुवायचं काम त्यांचं. म्हणजे बघा, सातजणींचे पाच-पाच मिळून पस्तीस ग्लास. 'चाखणाऱ्या' आम्ही, विसळणाऱ्या त्या. हे मला इतके महिने खटकलं नव्हतं हेही सांगून टाकते. त्या दिवशी मी पाणी घ्यायला मोरीपाशी गेले तर मावशी धुण्याआधी प्रत्येक ग्लास नाकाशी नेत होत्या. मला बघून दचकल्या. मी म्हटलं, असू द्या, सांगा ना काय वाटतंय. त्यांनी एक उचलला. "हे गव्हाचं हाय का?" गव्हाचंच होतं. "ह्यात धनं घातल्यात." घातले होते. काळ्या बिअरचा ग्लास हुंगून म्हणाल्या, "हे करपावलंय. चुकून न्हाई, मुद्दाम."

मी ओरडून सगळ्यांना बोलावलं. टाळ्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, मावशी, तुम्ही आमच्या गटाच्या अध्यक्ष व्हा. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. एक घोट घ्या म्हटलं तर नको म्हणाल्या.

नंतर मी त्यांना ग्लास पुसायला मदत करत होते, तेव्हा त्या आपणहून बोलल्या. त्यांच्याच शब्दांत सांगते. "बाई, ह्ये नाक असंच न्हाई झालं. मालक दारात आला की कडी काढायच्या आधी मी फटीतनं वास घ्यायची. देशीचा असला तर येऊन पडायचा, काय करायचा न्हाई. भट्टीची असली, गूळ-नवसागराचा वास आला, की मारायचा. मग कडी काढायला वेळ लावायची आन् पोरान्ला मागच्या दारानं भावजईकडं धाडायची." मी विचारलं, आणि इंग्लिश असली तर? "ती पगाराच्या दिशी. त्या दिशी दोन्ही."

मालक वारून नऊ वर्षं झाली. नाक राहिलं.

मी त्या दिवशी वहीत काही लिहू शकले नाही. आम्ही शंभर-शंभर मिलिलिटर घेऊन जे शिकत होतो ते ती बाई दाराच्या फटीतून शिकली होती. आणि तुमच्यातही अशा आहेत, मला माहीत आहे. हात वर करायला सांगत नाही.

आता दुसरी गोष्ट. ती माझ्या चुकीची आहे.

आमची संस्था सिंहगड रस्त्यालगतच्या एका वस्तीत काम करते. तिथलं परवानाधारक देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बायकांनी सह्या गोळा करायला घेतल्या. प्रक्रिया तुम्हाला माहीत आहे, नव्या मैत्रिणींसाठी सांगते. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. उभी बाटली की आडवी बाटली. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं पडावी लागतात. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, एकूण यादीपैकी! घरी बसलेली, माहेरी गेलेली, नाव यादीत राहून गेलेली मेलेली बाईसुद्धा दुकानाच्या बाजूने मोजली जाते म्हणा ना. गावात हे जमतं, शहरातल्या वॉर्डात आकडा हजारांत जातो आणि पायाचे तुकडे पडतात.

तर घरोघर फिरताना एका ओट्यावर एका बाईने विचारलं, "ताई, तुमी कदी घेतली का ओ?" तिच्या विचारण्यात काही खोच नव्हती. मी म्हटलं, "छे, कधीच नाही."

का म्हटलं? मी नंतर खूप विचार केला. एम.एस.डब्ल्यू. करताना व्यसनाधीनतेवर आम्हाला जे शिकवलं त्यात पिणारा नेहमी 'तो' असायचा आणि सोसणारी 'ती'. आपल्या पथनाट्यातही तसंच. पिणाऱ्या बाईला आपल्या मांडणीत जागाच नाही. तिला जागा आहे ती फक्त दुसऱ्या बाजूच्या शिव्यांमध्ये. मी त्या ओट्यावर उभी राहून माझी जागा सोडायला घाबरले.

चार महिन्यांनी गटातल्या एकीने आमचा फोटो आपल्या फोनवर लावला. पाण्याच्या कडेला आम्ही सगळ्या, हातात ग्लास. तिच्याकडे कामाला येणाऱ्या मुलीची मावशी आमच्याच वस्तीत. दोन दिवसांत फोटो घरोघर पोचला. दुकानाच्या कोपऱ्यावर बसणारी पोरं सह्या घेणाऱ्या बायकांना ओरडायला लागली, "आधी तुमच्या म्याडम काय पितात ते बघा!" सह्या थांबल्या. ज्यांनी केल्या होत्या त्यांच्यातल्याही काही जणी म्हणाल्या, आमचं नाव काढा.

संस्थेतल्या एकीने सुचवलं, सांगून टाक सरबत होतं. म्हणजे एका खोट्यावर दुसरं. मी समाजमंदिरात बैठक बोलावली आणि सांगितलं : बिअर होती, मी महिन्यातून एकदा घेते, तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले.

पुढचा दीड तास माझ्या नोकरीतला सगळ्यांत अवघड आणि, आता वाटतं, सगळ्यांत कामाचा. एक बाई उठून गेली ती आजतागायत माझ्याशी बोलत नाही. तिचा मुलगा दारूपायी गेला. तिला मी काय सांगणार? दुसरी एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "तुला मारनारं कुनी न्हाई, म्हणून तुला चव लागती." हे वाक्य मी अजून पचवते आहे.

पण मग हळूहळू दुसरंही बाहेर यायला लागलं. बाळंतपणात सासूने चमच्याने ब्रँडी पाजलेली. लहानपणी आज्याच्या मांडीवर ताडीचा घोट. कोपऱ्यात बसलेली, पहाटे कचरा उचलायच्या कामाला जाणारी एक जण म्हणाली, "मी रोज रातच्याला क्वार्टर घेती. कचऱ्याचा वास नाकातनं जात न्हाई, घास उतरत न्हाई." सगळ्या गप्प. कुणीतरी विचारलं, मग तू सही कशी केलीस? ती म्हणाली, "दुकान बंद झालं तर मलाच लांब जावं लागल. पर सही माजी हाय. पोरगी त्या दुकानावरनं शाळंत जाती."

मैत्रिणींनो, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की २०१९ ते २१ या काळात देशात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के दारू घेत होते आणि बायकांपैकी १.३ टक्के. त्या १.३ मध्ये ही बाई आहे का? तिने सर्वेक्षण करणाऱ्या मुलीला खरं सांगितलं असेल? मी तरी सांगितलं असतं?

त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांचे नवरे वारंवार झिंगलेले असतात अशा बायकांपैकी ७० टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती. हा आकडा आपण भाषणात वापरतो. पण ज्यांचे नवरे दारूला शिवतही नाहीत, त्यांच्यातल्या २३ टक्क्यांनीही सोसली होती. म्हणजे दर चार-पाच जणींत एक, शुद्धीत असलेल्या नवऱ्याकडून. 'दारूने मारलं' असं म्हणून आपण त्या नवऱ्याला किती सहज सोडून देतो! मावशींचा नवरा देशी पिऊन पडायचा आणि भट्टीची पिऊन मारायचा, तेव्हा मारणारा हात बाटलीचा नव्हता. बाटली फोडलीच पाहिजे. पण पगाराच्या दिवशी 'दोन्ही' का, हे बाटलीत बघून कळणार नाही.

आता आमच्या त्या चाखणाऱ्या गटाचंही थोडं बोलते, नाहीतर तुम्ही म्हणाल की ही तिथे लाडात आहे. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू पिणं गुन्हा आहे. बिअरला वय २१, कडक दारूला २५. परवान्याच्या अर्जात आरोग्य जपण्यासाठी दारू हवी अशी भाषा असते, वाचून करमणूक होते. मी गटात विचारलं, कुणाकडे परवाना आहे? एकीकडेही नव्हता. माझ्याकडेही नव्हता. एकजण तर घरी बिअर बनवायचं सामान मागवायच्या बेतात होती. मी म्हटलं, बाई गं, विनापरवाना बनवणं हा त्याच कायद्यातला गुन्हा आहे ज्याखाली वस्तीतल्या बाईला उचलतात. थोड्या प्रमाणात, हाताने, आपल्या चवीची बनवली की तुमच्याकडे तिला क्राफ्ट म्हणतात. आमच्याकडे हातभट्टी म्हणतात आणि पोलीस येतात. भट्टी चालवतो पुरुष, पुढे बसवतात बाईला आणि केस तिच्या नावावर. भटक्या-विमुक्त वस्त्यांत काम करणाऱ्या मैत्रिणी मान डोलावत आहेत, त्यांना हे रोजचं आहे. झारखंडात बाजारात हंडिया विकायला बसणाऱ्या बायकांची हीच कथा. त्यांना दुसरं काम मिळावं म्हणून तिथल्या सरकारला २०२० साली वेगळी योजना काढावी लागली.

याचा अर्थ हातभट्टीला माफ करा असा मी म्हणत नाही. जून २०१५ मध्ये मालवणीत, मुंबईत, विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली. त्यांच्या बायका आपल्यापैकी काहींनी पाहिल्यात. मी म्हणते आहे ते एवढंच, की आमच्या दारात कधीच कुणी येणार नाही हे आम्हाला इतकं गृहीत होतं, की परवान्याचा प्रश्नही कुणाला पडला नव्हता. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले आणि जामिनाची एक अट म्हणून तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा पुण्याने हे गृहीत धरणं अगदी नागडं पाहिलं.

तब्येतीचंही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की दारूचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. स्तनाच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढीच दारू बाईला जास्त चढते. गटातल्या डॉक्टर मैत्रिणीने हिशेब मांडला : पाच ग्लास म्हणजे अर्धा लिटर, पाच टक्क्यांची धरली तर वीस ग्रॅम अल्कोहोल. 'आपण फक्त चाखतो' हे आमचं पालुपद त्या दिवशी जरा बसलं. आणि एकजण यायची बंद झाली होती, तिच्याबद्दल नंतर कळलं की ती घरी एकटी पीत होती. आम्ही वहीत चवी लिहीत होतो आणि आमच्या शेजारी बसलेलीचं काय चाललंय हे आम्हाला कळलं नाही. सात सुशिक्षित बायका! मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. तिला तिथवर न्यायला आम्हाला सहा महिने लागले, कारण पुरुष दारुड्याला घरचे ओढत नेतात आणि बाईला लपवतात.

यानंतर आमच्या संस्थेत ठराव आला की कार्यकर्त्यांनी दारू घेऊ नये. मी विरोधात बोलले आणि दोन मतांनी ठराव पडला. जिने मांडला तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं : ज्या बायकांमध्ये काम करायचं त्यांचा विश्वास महत्त्वाचा. मी म्हटलं, विश्वास माझ्या खोटं बोलण्याने गेला. ती म्हणाली, दोन्हींनी. खरं आहे. पण नियम केला असता तर आपण पुन्हा तिथेच येत होतो, चांगली बाई आणि वाईट बाई. जानेवारी २००९ मध्ये मंगळुरात एका पबमध्ये घुसून मुलींना मारलं तेव्हा मारणाऱ्यांची भाषा हीच होती. आपण तेव्हा त्या मुलींच्या बाजूने उभ्या राहिलो होतो. मी कॉलेजात होते, पत्रकं वाटली. त्याच वर्षी १९९२ च्या नेल्लोरच्या बायकांवर निबंध लिहिला होता, साक्षरता वर्गात शिकता शिकता ज्यांनी आंध्रातला अर्रकचा धंदा हलवून सोडला. दोन्ही लढे मला माझेच वाटले होते, आणि त्यांत विरोध आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं. ओट्यावर उभी राहिले तेव्हा मात्र वाटला.

आता सद्यःस्थिती. गट चालू आहे. ग्लास आम्ही आमचे धुतो. मावशींना मी दोनदा विचारलं, त्या अजून घोट घेत नाहीत, पण वास घेऊन निकाल देतात, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो. एकदा त्यांनी एक महागडी बिअर हुंगून "ही नासलीय" म्हटलं, आम्ही ऐकलं नाही, आणि खरंच नासलेली निघाली.

वस्तीत सह्या पुन्हा सुरू झाल्यात. उठून गेलेल्या बाईच्या सुनेने सही केली, तिने अजून नाही. २०२१ मध्ये खडकवासला, नांदेड, किरकटवाडी महापालिकेत आली. २०२५ च्या जानेवारीत याच पट्ट्यात जीबीएसची साथ आली आणि लोक पाणी उकळून प्यायला लागले. त्या वेळी सह्या घेताना एकीने सुनावलं, "नळाला धड पानी न्हाई, आन् दुकान मात्र सकाळच्यापास्नं उघडं." हे वाक्य आम्ही अर्जाच्या सोबतच्या निवेदनात घातलं आहे. तिच्याच भाषेत.

पडताळणी पुढच्या महिन्यात आहे. कचरा उचलणाऱ्या त्या बाईला एक खाडा पडेल, तरी ती येणार आहे. त्या दिवशी समाजमंदिरात रांगा लावायला, यादीतली नावं शोधून द्यायला आम्हाला दहा-बाराजणी हव्या आहेत. ज्यांना जमेल त्यांनी चहाच्या सुट्टीत मला गाठा. आणि ज्यांना माझ्याशी भांडायचं आहे त्यांनीही. मी मागच्या बाकावरच बसते आहे.